नवा क्रमांक कुणाला, जुना कुणाला?

पत्र थोडक्यात असे: घरी आणि ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्या एका वाचक भगिनींचा मोबाइल क्रमांक गेली बारा वर्षे एकच आहे. जाहिरातीच्या पत्रकांवर, पालकांच्या गटांमध्ये, असंख्य अर्जांवर तोच आहे आणि बँक, विमा, ईमेल यांच्याकडेही तोच आहे. अलीकडे त्यांना रात्री-अपरात्री अनोळखी लोकांचे फोन आणि नको ते निरोप येऊ लागले आहेत. तीन महिन्यांनी एका प्रशिक्षणासाठी त्यांना चार महिने तीन वेगवेगळ्या देशांत राहायचे आहे. त्यामुळे एक स्वस्त फोन आणि नवा क्रमांक घ्यावा, तो व्यवसायासाठी आणि प्रवासात सर्वांना द्यावा, आणि जुना क्रमांक बँकेपुरता व घरच्यांपुरता राखून जुन्या फोनसकट घरीच ठेवावा, असा त्यांचा बेत आहे. "दोन फोन कशाला? लपवण्यासारखे काय आहे?" असे त्यांच्या यजमानांनी विचारले आणि तो प्रश्न त्यांच्या मनाला लागला आहे. बेत बरोबर आहे का, आणि वेगळा फोन घ्यावा की नुसते सिम, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तुमचा बेत मला अगदी सरळ वाटला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की तुमची अडचण तुम्ही अचूक ओळखली आहे, पण उपाय उलट्या टोकाकडून धरला आहे. तो सुलटा कसा करायचा हे सांगण्याआधी यजमानांच्या प्रश्नाविषयी थोडेसे लिहिते.

लपवणे आणि खासगी ठेवणे यांत फरक आहे, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही. पण तो फरक घरात बोलून दाखवण्याची गरज बहुधा आहे. आपण घराचे दार लावून घेतो तेव्हा आत काही गैर चाललेले असते म्हणून नव्हे, तर कोणी यावे आणि कोणी येऊ नये हे ठरवण्याचा अधिकार आपला असतो म्हणून. तुमच्या बाबतीत बारा वर्षांत शेकडो लोकांकडे त्या दाराची किल्ली गेली आहे. यजमानांपासून तुम्हाला काही दूर ठेवायचे नाही, उलट त्यांचा फोन त्या गर्दीत हरवू नये असे तुम्हाला वाटते, एवढे त्यांना शांतपणे सांगा. नव्या क्रमांकाची माहिती सर्वांत आधी त्यांनाच असावी. तसे केलेत तर त्यांच्या प्रश्नाचे उत्तर वेगळे द्यावे लागणार नाही.

आता मुख्य मुद्दा. आपला मोबाइल क्रमांक एकाच वेळी दोन कामे करतो आणि ती दोन आहेत हे आपल्या ध्यानात राहत नाही. लोकांनी आपल्याला गाठण्याचा तो पत्ता असतो आणि 'मी मीच आहे' हे बँकेला, ईमेलला व असंख्य ॲपना पटवून देणारी ती खूणही असते. पत्ता जितक्या लोकांना माहीत असेल तितका तो उपयोगी ठरतो, तर ओळखीची खूण जितक्या कमी लोकांना माहीत असेल तितकी ती सुरक्षित राहते. तुमच्या क्रमांकावर ही दोन्ही ओझी आहेत आणि तुमचा सारा त्रास त्यातून आला आहे.

तुमचा बेत असा की नवा क्रमांक पत्ता म्हणून वापरायचा आणि जुना ओळखीची खूण म्हणून राखायचा. पण जुना क्रमांक राखण्यासारखा उरला आहे का? पत्रकांवर छापलेला, गटांमध्ये फिरलेला, लोकांच्या संपर्क यादीत तुमच्या नावासकट साठवलेला क्रमांक परत मागवता येत नाही. तुम्ही जाहिरातीवरून तो उद्या काढून टाकलात तरी रात्री फोन करणाऱ्यांकडे तो आहेच. शिवाय क्रमांक केवळ ओळखीच्या लोकांकडूनच पसरतात असे नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये फेसबुकच्या सुमारे 53 कोटी वापरकर्त्यांची माहिती इंटरनेटवर खुली पडलेली आढळली आणि त्यात मोबाइल क्रमांकही होते. ज्यांनी सुरक्षेसाठी म्हणून क्रमांक विश्वासाने दिले, त्यांचाही अनुभव नेहमी चांगला नाही: खात्याच्या सुरक्षेसाठी घेतलेले क्रमांक व ईमेल जाहिरातींसाठी वापरल्याबद्दल 2022 मध्ये ट्विटरला अमेरिकेत 15 कोटी डॉलर दंड भरावा लागला.

म्हणून माझी सूचना तुमच्या बेताच्या नेमकी उलट आहे. जुना क्रमांक जगाला देऊन टाका. तो जगाचा झालेलाच आहे. विद्यार्थी, पालक, कुरिअर, अर्ज, दुकाने या सगळ्यांसाठी तो तसाच चालू ठेवा. यात तुमचा व्यवसायही सुखरूप राहतो, कारण बारा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी आपल्या भाचीची शिकवणी विचारायला जुन्याच क्रमांकावर फोन करणार आहे. नवा क्रमांक मात्र कुठेही छापू नका. तो बँकेला, मुख्य ईमेलला आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या जवळच्या माणसांना द्या.

यात कष्ट अधिक आहेत, हे मी मान्य करते. तुमच्या बेतात एक नवे सिम घेतले की काम संपते. माझ्या सूचनेप्रमाणे वागायचे तर बँकेपासून विम्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी नोंद बदलावी लागेल. काही संस्था ती घरबसल्या बदलू देतात, काही प्रत्यक्ष बोलावतात, आणि काही ठिकाणी बदलाला मान्यता देणारा संकेतांक जुन्याच क्रमांकावर येतो, म्हणजे बदल पूर्ण होईपर्यंत दोन्ही क्रमांक चालू असावे लागतात. तुमच्या हातात तीन महिने आहेत. हे काम निघण्याच्या आठवड्यात करण्याचे नाही, आत्ताच सुरू करा.

इथे थोडे विषयांतर करते, कारण बँकेच्या संकेतांकाविषयी आपण फार निश्चिंत असतो. मेसेजने येणारा ओटीपी ही ओळख पटवण्याची सर्वांत सोयीची रीत असली तरी ती सर्वांत भक्कम नाही. एखादी व्यक्ती मोबाइल कंपनीला फसवून तुमचा क्रमांक स्वतःजवळच्या सिमवर चढवून घेऊ शकते. मग तुमचा फोन मुका होतो आणि तुमचे सगळे संकेतांक तिच्याकडे जाऊ लागतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचे स्वतःचे ट्विटर खाते असेच त्यांचा क्रमांक हातात घेऊन पळवले गेले. क्रमांक कोणाचा आहे हे फारसे कुणाला ठाऊकच नसेल तर असा डाव टाकणेही अवघड होते, हा न छापलेल्या क्रमांकाचा खरा लाभ आहे. तरीही जिथे सोय असेल तिथे मेसेजऐवजी ऑथेंटिकेटर ॲप वापरा. त्यातला सहा अंकी संकेतांक साधारण दर तीस सेकंदांनी फोनमध्येच तयार होतो. त्याला ना नेटवर्क लागते, ना सिम, ना रोमिंग. परदेशात राहणाऱ्या माणसासाठी याहून सोयीची गोष्ट नाही. फोन हाताशी नसताना खात्यात शिरण्याचे राखीव संकेतांक मिळत असतील तर ते कागदावर उतरवा आणि फोनबरोबर एकाच पिशवीत ठेवू नका.

यावरून तुमच्या बेतातला दुसरा दोष दिसेल. ओळखीची खूण असलेला क्रमांक घरी कपाटात आणि तुम्ही परदेशात, ही मांडणी चालणार नाही. परक्या देशातून कार्ड वापरताच बँकेने खात्रीसाठी संकेतांक पाठवला तर तो कपाटात वाजेल. 'यजमान वाचून दाखवतील' हे एकदा-दोनदा जमते. पण ते बाहेर असतील, तिकडे दुपार आणि इकडे मध्यरात्र असेल किंवा फोनची बॅटरीच उतरली असेल तर? हे मी अनुभवाने लिहीत आहे. एकदा मीही बँकेशी जोडलेले सिम जुन्या फोनमध्ये घालून तो कपाटात सुरक्षित ठेवला होता, आणि तिसऱ्या दिवशी तो बॅटरी संपून बंद पडला. आलेला फोन दुसऱ्या क्रमांकाकडे वळवण्याची सोय असते, ती इथे कामाची नाही. तिने फोन वळतात, मेसेज वळत नाहीत. तेव्हा बँकेचा क्रमांक तुमच्याबरोबर प्रवास करील आणि घरी काही ठेवायचेच असेल तर जुना, जगजाहीर क्रमांक ठेवा.

मग फोन किती घ्यायचे? बहुतेकांना दुसऱ्या फोनाची गरज नसते, दुसऱ्या सिमची असते. आजच्या पुष्कळ फोनांत दोन सिम बसतात, किंवा एक प्लास्टिकचे सिम आणि एक ई-सिम चालते. ई-सिम म्हणजे फोनमध्येच बसवलेली चीप. तिच्यावर मोबाइल कंपनीची माहिती इंटरनेटवरून उतरवली जाते आणि एकाच फोनवर अशी अनेक सिमे साठवून हवी ती चालू करता येतात. साठवता कितीही आली तरी एका वेळी सहसा दोनच चालतात, आणि इंटरनेट त्यांतल्या एकाचेच वापरता येते. तुमच्या प्रवासासाठी एवढे पुरेसे आहे: बँकेचा क्रमांक एका बाजूला आणि त्या-त्या देशाचे डेटा सिम दुसऱ्या बाजूला.

एका फोनमध्ये दोन क्रमांक ठेवल्याने मनःशांती मात्र आपोआप मिळत नाही. जुना क्रमांक तुमच्या खिशातच वाजत राहिला तर तुम्ही नेमके काय मिळवले? त्यासाठी सिमनिहाय वेगळी घंटा लावा, ठरावीक वेळेनंतर जुने सिम तात्पुरते बंद ठेवा, आणि पालकांना फोन घेण्याची वेळ लेखी कळवा. दुसरे सिम टाकण्याआधी मनुष्याने आपल्या कामाच्या वेळा ठरवाव्यात, असे माझे मत आहे, कारण रात्री साडेदहाला येणाऱ्या पालकाच्या फोनला दुसरे सिम हे उत्तर नव्हे.

मेसेजिंग ॲपचे दुखणे वेगळे आहे. तिथे क्रमांक हाच दरवाजा असतो. व्हॉट्सॲपने 2023 पासून अँड्रॉइड फोनवर एकाच ॲपमध्ये दोन खाती ठेवण्याची सोय दिली आहे. व्यवसायासाठीचे त्यांचे वेगळे ॲपही आहे. जुन्या क्रमांकाचे खाते व्यवसायाचे करा, त्यावर स्वतःच्या छायाचित्राऐवजी शिकवणीचे चिन्ह लावा, आणि छायाचित्र, शेवटची भेट ('लास्ट सीन') व गटात घेण्याचा अधिकार यांचे पर्याय 'फक्त संपर्कातील लोक' असे करा. सिग्नल या ॲपवर खाते उघडायला क्रमांक लागतो, पण 2024 पासून तिथे वापरकर्ता नाव घेऊन क्रमांक न देताही बोलता येते. प्रवासात भेटलेल्या सहाध्यायींसाठी ही रीत चांगली आहे. परक्या गावी आठ दिवसांची ओळख झालेल्या माणसाला कायमचा क्रमांक देण्याचे काही कारण नसते.

नवा क्रमांक खासगी राखण्यात सर्वांत मोठा अडथळा परक्यांचा नसून आपल्याच माणसांचा असतो, हे आवर्जून सांगते. तुमची बहीण तुमचा नवा क्रमांक तुमच्या पूर्ण नावाने साठवते आणि एखाद्या ॲपला आपली संपर्क यादी वाचायची परवानगी देते. त्याच क्षणी तो क्रमांक आणि तुमचे नाव यांची जोडी तुमच्या संमतीविना त्या ॲपकडे जाते. फोन करणाऱ्याचे नाव पडद्यावर दाखवणारी काही ॲप अशाच यादींवर उभी आहेत. यावर पूर्ण उपाय नाही. जवळच्यांना तो क्रमांक टोपणनावाने साठवायला सांगा, 'कुणाला पुढे देऊ नका' असे स्पष्ट सांगा, आणि तुमच्या स्वतःच्या फोनवर नव्या क्रमांकाने उघडलेल्या खात्यांना संपर्क यादी वाचू देऊ नका. नव्या क्रमांकावरून एखाद्या पालकाला चुकून एक फोन गेला तरी सगळी मेहनत वाया जाते, म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये 'कॉलसाठीचे ठरलेले सिम' जुने असू द्या.

वेगळा फोन कुणाला खरोखर लागतो? ज्यांच्या फोनवर कार्यालयाचे नियंत्रण असते त्यांना; जिथे फोन हरवण्याचा, हिसकावला जाण्याचा किंवा सीमेवर तपासला जाण्याचा संभव मोठा असतो अशा ठिकाणी जाणाऱ्यांना; आणि ज्यांच्यावर कोणी जवळचा माणूस पाळत ठेवतो त्यांना. या शेवटच्या वाचकांसाठी चार ओळी अधिक लिहिते. तुमच्या फोनवर दुसऱ्याचा डोळा आहे अशी शंका असेल तर त्याच फोनमध्ये दुसरे सिम टाकून काहीही साधत नाही. वेगळा फोन घ्या, त्यावर जुन्या ईमेल खात्याने प्रवेश करू नका, जुन्या फोनचा बॅकअप त्यावर उतरवू नका, घरच्या वाय-फायला तो जोडू नका. आणि जुना फोन एकाएकी बंद करण्यापूर्वी मदत करणाऱ्या एखाद्या संस्थेशी बोला, कारण पाळत ठेवणाऱ्याला अचानक काही दिसेनासे झाले तर धोका वाढू शकतो. तुमच्या पत्रात असे काही दिसत नाही, म्हणून हा भाग इथेच थांबवते.

तुमच्यासाठी दुसरा फोन घ्यायचाच तर तो आडवेळेचा सोबती म्हणून घ्या. नवा विकत घेण्याआधी कपाटातला जुना पाहा. त्याला सुरक्षेची अद्यतने अजून मिळतात का, हा पहिला प्रश्न. मिळत नसतील तर त्यावर बँकेचे ॲप कधीही टाकू नका. तो कोणत्या नेटवर्कवर चालतो, हा दुसरा; अनेक देशांनी 3जी बंद केले आहे, काहींनी 2जीही, त्यामुळे 4जीवरून बोलण्याची सोय नसलेला फोन तिकडे नुसता डबा ठरू शकतो. तो एखाद्या मोबाइल कंपनीशी बांधलेला म्हणजे लॉक असेल तर परदेशी सिम त्यात चालणारच नाही, हे निघण्यापूर्वी दुसऱ्या कंपनीचे सिम घालून पाहा. दोन्हींची उत्तरे चांगली आली तर तो फोन पूर्ण पुसून घ्या, त्यावर नकाशे, तिकिटे आणि दोन-चार संपर्क एवढेच ठेवा. अनोळखी शहरात हातात धरून फिरण्याचा फोन तो असावा. बँकेचा फोन खोलीवर किंवा आतल्या खिशात. हातातला फोन हरवला तर दुःख व्हावे, पण धावपळ होऊ नये, अशा बेताने त्यावर माहिती ठेवा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दुसरा फोन घेतल्याने मनुष्य अदृश्य होत नाही. बहुतेक देशांत सिम घेताना ओळखपत्र द्यावेच लागते. प्रत्येक फोनला आयएमईआय नावाचा स्वतःचा 15 अंकी क्रमांक असतो आणि तो सिम बदलला तरी बदलत नाही. दोन सिमांच्या फोनमध्ये असे दोन क्रमांक असतात आणि ते एकाच यंत्राचे आहेत हे कळू शकते. दोन वेगळे फोन एकाच खिशातून एकाच वाटेने जात असतील तर त्यांची वाट पाहूनही मालक एकच असल्याचे ताडता येते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासल्या गेल्या. कुठल्या वेळी कुठे होता याचे केवळ चार ठिपके मिळाले तर त्यांतले 95 टक्के लोक इतरांपासून वेगळे ओळखता येत होते. मोबाइल कंपनीपासून किंवा सरकारपासून लपणे हे तुमचे उद्दिष्टच नाही, म्हणून याची चिंता करू नका. अनोळखी माणूस, जाहिरातदार आणि चोर या तिघांना दूर ठेवायला दुसरा क्रमांक पुरतो. त्याहून मोठी अपेक्षा मात्र त्याच्याकडून ठेवू नका.

इंटरनेटवर मिळणाऱ्या आभासी क्रमांकांविषयी तुम्ही ओझरते विचारले आहे. एखाद्या संकेतस्थळावर नाव नोंदवण्यापुरते किंवा वस्तू विकण्याची जाहिरात देण्यापुरते ते ठीक आहेत. बँकेसाठी ते वापरू नका. अनेक बँका आणि ॲप असे क्रमांक ओळखतात आणि नाकारतात, आणि सेवा देणारी कंपनी बंद पडली तर क्रमांकही जातो. कुणालाही मोफत वापरता येणारे, सर्वांचे मेसेज उघड दाखवणारे जे क्रमांक असतात, त्यांच्या वाटेला तर जाऊच नका.

प्रवासाचे सिम निवडताना तीन देशांसाठी तीन सिमे घ्यायची की सर्वांत चालणारे एकच, हा हिशेब मुक्कामाच्या लांबीवर ठरतो. आठ-दहा दिवसांसाठी प्रवाशांचे ई-सिम सोयीचे. महिना-दीड महिना एकाच देशात राहायचे असेल तर तिथले स्थानिक सिम बहुधा स्वस्त पडते आणि घर भाड्याने घेणे, डॉक्टरांची वेळ ठरवणे अशा कामांसाठी स्थानिक क्रमांकही मिळतो. प्रवाशांच्या पुष्कळ ई-सिमांवर केवळ डेटा असतो, फोन क्रमांक नसतोच, हे घेण्यापूर्वी वाचून घ्या. ते घरच्या वाय-फायवर असतानाच फोनमध्ये उतरवा, कारण उतरवायला इंटरनेट लागते आणि विमानतळावर ते मिळेलच असे नाही. मात्र मुदत कधीपासून मोजली जाते हे आधी पाहा, काहींची उतरवल्याच्या क्षणापासून सुरू होते. उतरवलेले ई-सिम चुकूनही 'काढून टाका' म्हणू नका. बहुतेकदा त्याचा क्यूआर कोड एकदाच चालतो.

बँकेच्या क्रमांकासाठी मात्र मी अजूनही प्लास्टिकचे सिम पसंत करते. ई-सिम चोराला काढून फेकता येत नाही, हा त्याचा गुण खरा; पण फोन पडून फुटला तर ते दुसऱ्या फोनवर न्यायला मोबाइल कंपनीचा दरवाजा ठोठवावा लागतो, आणि परदेशातून तो सहज उघडत नाही. प्लास्टिकचे सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले की दोन मिनिटांत क्रमांक जिवंत होतो. तीच त्याची दुबळी बाजूही आहे: चोरालाही दोन मिनिटेच लागतात. फोन कितीही पक्का लॉक केलेला असो, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की तुमचे ओटीपी त्याला वाचता येतात. यावर सिमचा पिन हा साधा, मोफत आणि दुर्लक्षित उपाय आहे. तो फोनच्या पिनहून वेगळा असतो. फोन सुरू करताना किंवा सिम नव्या फोनमध्ये घालताना तो विचारला जातो. लावण्याआधी कंपनीने दिलेला मूळ पिन आणि पीयूके, म्हणजे बंद झालेले सिम पुन्हा उघडणारा क्रमांक, हाताशी घ्या, कारण पिन तीनदा चुकला तर सिम बंद होऊन पीयूके मागते, आणि पीयूकेही दहा वेळा चुकला तर ते सिम कायमचे निकामी होते.

निघण्यापूर्वी त्या क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. ते परदेशी पोहोचल्यावर सुरू करता येईल असे गृहीत धरू नका. तिथे उतरल्यावर त्या सिमचे डेटा रोमिंग बंद ठेवा. मेसेज यायला डेटा लागत नाही, त्यामुळे ओटीपी येत राहतील आणि भरमसाट बिल येणार नाही. आलेला फोन उचलण्यालाही परदेशात अनेक योजनांत पैसे पडतात, म्हणून घरच्यांनी त्यावर साधा फोन न करता ॲपवरून बोलावे. प्रवासाचे सिम घातल्यावर मेसेजिंग ॲपने 'क्रमांक बदलायचा का' असे विचारले तर 'नको' म्हणा. खाते आधीच्याच क्रमांकावर चालू राहते.

एक जपणूक चार महिन्यांच्या पलीकडची आहे. प्रीपेड क्रमांक काही काळ रिचार्ज न केल्यास बंद होतो आणि काही अवधीनंतर कंपनी तो दुसऱ्या कुणाला देते. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये नव्या ग्राहकांना मिळू शकणारे 259 जुने क्रमांक तपासले, तेव्हा त्यांतल्या 171 क्रमांकांना कुणाची ना कुणाची चालू खाती जोडलेली आढळली. म्हणजे क्रमांक सोडला तरी त्याच्या किल्ल्या तशाच राहतात आणि त्या नव्या मालकाच्या हाती जातात. तुम्ही परदेशात असताना घरी राहिलेल्या जुन्या क्रमांकाचा रिचार्ज संपू देऊ नका. त्यावर नोंदवलेले एखादे विसरलेले खाते अजून असू शकते. पुढे कधी तो सोडायचा ठरलाच, तर आधी वर्षभर त्यावर कुठून कुठून संकेतांक येतात त्याची यादी करा. परदेशात घेतलेल्या स्थानिक क्रमांकाशी तर कोणतेही महत्त्वाचे खाते जोडूच नका, कारण तो चार महिन्यांनी तुमचा राहणार नाही.

आता कामांचा क्रम. या आठवड्यात नवे सिम घ्या आणि सध्याच्याच फोनमध्ये घाला. पहिल्या महिन्यात ईमेलपासून सुरुवात करून बँकेपर्यंत नोंदी बदला. ईमेल आधी, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड त्यावरून बदलता येतात. दुसऱ्या महिन्यात जुन्या क्रमांकाचे खाते व्यवसायाचे करा आणि पालकांना वेळा कळवा. तिसऱ्या महिन्यात एक आठवडा असा काढा की जुने सिम यजमानांच्या फोनमध्ये किंवा घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये आहे आणि तुम्ही केवळ नव्यावर आहात. त्या आठवड्यात जो संकेतांक जुन्या क्रमांकावर येईल ती तुमची राहून गेलेली नोंद. परदेशात कळण्यापेक्षा ती घरी कळलेली बरी. शेवटी फोनवर *#06# दाबून येणारा आयएमईआय, दोन्ही मोबाइल कंपन्यांचे परदेशातून लागणारे मदत क्रमांक आणि बँकेचा कार्ड बंद करण्याचा क्रमांक एका कागदावर लिहा. त्याची एक प्रत सामानात ठेवा आणि दुसरी यजमानांना द्या. फोन हरवला तर दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून तुम्ही त्यांनाच गाठणार आहात, तेव्हा त्यांचा क्रमांक तेवढा पाठ करा.